गाडी आदळते ती रिममुळे की रन-फ्लॅटमुळे?

स्पोर्ट्स कार कडक चालते म्हटलं की बोट आधी रिमकडे जातं. ‘२० इंची आहे, मग आदळणारच.’ पुष्कळदा ते खरंही असतं. पण कित्येकदा रिमचं माप बरं असतं आणि टायर रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारा, असतो. मग मालक एक इंच लहान रिम घेतो, दुकानदार त्यावर पुन्हा रन-फ्लॅटच चढवतो, आणि खिसा रिकामा होऊनही गाडी आदळायची ती आदळतेच.

लो-प्रोफाइल, म्हणजे टायरची बाजू बुटकी असणं, ही मापाची गोष्ट आहे, रन-फ्लॅट ही बांधणीची. एखादा टायर दोन्ही असू शकतो, यातला एकच असू शकतो, किंवा दोन्ही नसू शकतो. हाताला मात्र दोघांचीही बाजू टणकच लागते, म्हणून घोळ होतो.

आधी मापाचं बघू. त्यासाठी पोर्शे ७१८ बॉक्स्टर-केमनइतकं स्वच्छ उदाहरण मिळणार नाही, कारण त्यात टायरची रुंदी तीच ठेवून १८, १९ आणि २० इंची रिम मिळत असत. पुढच्या टायरची मापं अनुक्रमे २३५/४५, २३५/४० आणि २३५/३५. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलला आहे. गणित केलं की साइडवॉल निघते १०६, ९४ आणि ८२ मिलिमीटर. चाकाचा बाहेरचा व्यास मात्र तिन्ही वेळा ६६९ ते ६७३ मिलिमीटरच्या दरम्यान. म्हणजे चाक मोठं झालेलंच नाही. रिमने जेवढी जागा घेतली तेवढी रबराची आणि हवेची गेली. १८ वरून २० वर जाताना साइडवॉलचा पाचव्या भागाहून जास्त हिस्सा उडतो.

इथे एक सापळा आहे. त्याच गाडीच्या १९ इंची मागच्या टायरचं माप २६५/४०. ‘४०’ पाहून तो १८ इंची पुढच्या ‘४५’ पेक्षा बुटका वाटतो, पण २६५ चे ४० टक्के म्हणजे १०६ मिलिमीटर, तंतोतंत तेवढीच उंची. नुसता प्रोफाइलचा आकडा ऐकून मत बनवू नका. दोन्ही आकडे गुणा, मिलिमीटर काढा आणि मग बोला.

ही उंची करते काय, तर खड्ड्याची कड किंवा पुलाच्या सांध्यावरची पट्टी लागली की साइडवॉल वाकते आणि तो धक्का स्प्रिंगपर्यंत जाण्याआधीच बराचसा जिरवते. साध्या टायरमध्ये गाडीचं बहुतेक वजन हवा पेलते, रबर नाही. उंची कमी असली की वाकायला जागा कमी, म्हणून टायर लवकर ताठरतो. कड फारच धारदार असेल तर साइडवॉल रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते आणि आतले दोरे तुटतात. दुसऱ्या दिवशी बाजूला अंड्याएवढा फुगा दिसतो तो याचाच. त्या टायरचं पॅचिंग होत नाही, तो टाकूनच द्यायचा.

वजनाचा मुद्दाही यातच येतो. मोठी रिम बहुधा जड असते, आणि तिचं वजन केंद्रापासून लांब असतं. शॉकॲब्सॉर्बरला तेवढं जड चाक दर खाचेला आवरावं लागतं, म्हणून खडबडीत डांबरावर स्टिअरिंगला थरथर येते. पण सरसकट तसं समजू नये. २० इंची फोर्ज्ड (दाबून घडवलेली) रिम १९ इंची कास्ट (ओतीव) रिमपेक्षा हलकी निघू शकते. विक्रेत्याकडून इंच नव्हे, किलो विचारून घ्यावेत.

आता रन-फ्लॅट. हवा पूर्ण गेली तरी गाडी चालत राहावी म्हणून याच्या साइडवॉलमध्ये आतून जाड, टणक रबराचा थर असतो. ठरलेली मर्यादा साधारणपणे ८० किलोमीटर अंतर, तेही ताशी ८० च्या आत. रिकाम्या टायरवर जी बाजू अख्ख्या गाडीचं वजन पेलू शकते, ती हवा भरलेली असताना मऊ कशी वागेल? हवेच्या जोडीला रबराची एक दुसरी स्प्रिंग सतत काम करत असते. म्हणून रन-फ्लॅटची हवा दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) उतरवली तरी साध्या टायरइतका फरक जाणवत नाही. टायर तापतो आणि कडा झिजतात, एवढंच पदरात पडतं. शिवाय तो साध्या टायरपेक्षा जड, आणि ते वजनही चाकाच्या अगदी परिघावर.

निस्सान जीटी-आरचं (आर-३५) पुढचं माप २५५/४० झेडआरएफ २०. साइडवॉल १०२ मिलिमीटर, म्हणजे २० इंची ७१८ पेक्षा चांगली दोन सेंटिमीटर जास्त. नुसत्या उंचीवर ठरलं असतं तर जीटी-आर मऊ असायला हवी होती. ती तशी नाही. त्या मापातला ‘एफ’ म्हणजे रन-फ्लॅट. अर्थात जड गाडीच्या कडक स्प्रिंगांचाही त्यात वाटा आहे, सगळं खापर टायरवर फोडता येणार नाही.

उलट बाजूला शेव्हरोले कॉर्व्हेट. १९९७ च्या सी-५ या पाचव्या पिढीपासून ती कारखान्यातूनच रन-फ्लॅटवर येऊ लागली, स्टेपनी नाहीच. सी-८ ला पुढे २४५/३५ झेडआर १९ आणि मागे ३०५/३० झेडआर २०, म्हणजे साइडवॉल ८६ आणि ९१-९२ मिलिमीटर. टायर बुटकाही आणि रन-फ्लॅटही, तरी ही गाडी हाडं खिळखिळी करणारी म्हणून ओळखली जात नाही. स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि टायर एकमेकांच्या हिशेबाने बसवले की असं होतं. साध्या टायरसाठी जुळवलेल्या गाडीवर पुढे कुणीतरी रन-फ्लॅट चढवले, तर मात्र पंचाईत.

चालवताना फरक ओळखता येतो, फक्त रस्ता निवडावा लागतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेच्या काँक्रीटचे सांधे किंवा सागरी सेतूवरचे जोड यासाठी उत्तम. साधा पण बुटका टायर सपाट डांबरावर शहाण्यासारखा वागतो आणि धारदार कड आली की एकच ‘टाण्’ असा आवाज रिममधून देतो. रन-फ्लॅट लहानसहान खाचाही सोडत नाही. शहरात ३०-४० च्या वेगाला तो अखंड ‘थड-थड’ लावतो, गाडी कधी स्थिरावतच नाही. आणि स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर अख्खी बॉडी डोलत असेल किंवा आपटत असेल, तर टायर सोडा, शॉकॲब्सॉर्बर आणि बुश बघा.

खात्री करायची तर टायरची बाजू वाचावी. मापाची अक्षरं ‘आर’ किंवा ‘झेडआर’ वर न थांबता पुढे ‘एफ’ असेल, तर रन-फ्लॅट. शिवाय कंपन्यांच्या आपापल्या खुणा असतात: मिशेलिनचं ‘झेडपी’, ब्रिजस्टोनचं ‘आरएफटी’, काँटिनेंटलचं ‘एसएसआर’, गुडइयरचं ‘आरओएफ’ आणि जुन्या टायरवर ‘ईएमटी’. बीएमडब्ल्यूचा तारा किंवा पोर्शेचा ‘एन-० ’ या कारखान्याच्या मान्यतेच्या खुणा आहेत. टायर रन-फ्लॅट आहे की नाही हे त्यांवरून कळत नाही. ‘काँटीसील’सारख्या टायरमध्ये आत चिकट थर असतो, तो खिळ्याचं भोक बुजवतो, टणक साइडवॉलशी त्याचा संबंध नाही.

‘एक्सएल’ पाहून तर हटकून गफलत होते. एक्सएल म्हणजे जास्त भार पेलणारा टायर, रन-फ्लॅट नव्हे. तो आपला पूर्ण भार २.९ बारला, म्हणजे ४२ पीएसआयला पेलतो, साधा २.५ बारला, ३६ पीएसआयला. एक्सएलची बांधणी थोडी जाड असते, पण रन-फ्लॅटच्या आसपासही नाही.

खर्च करण्याआधी एक फुकटचं काम: हवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, पुढची वेगळी आणि मागची वेगळी. पंपावर न विचारता चारही चाकांत ३५ ठोकण्याची पद्धत आहे, तिथे आकडा आपण सांगायचा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय चढतो, त्यामुळे हायवेवरून उतरल्या उतरल्या मोजून हवा सोडली, तर सकाळी टायर कमी हवेचा सापडतो. नायट्रोजन भरला म्हणून हे गणित बदलत नाही. आणि बुटक्या टायरला मऊ करायला हवा कमी करणं हा तर उफराटा उपाय. उरलेली उंचीही जाते आणि पुढचा खड्डा थेट रिमला लागतो.

दोष उंचीचा निघाला तर लहान रिम घ्या, पण चारही आणि पुढच्या-मागच्या मापांचं नातं राखून. ब्रेकचा कॅलिपर आत मावतो का हे आधी रिम नुसती बसवून बघायचं. मग पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते), टायरचा लोड इंडेक्स (भार पेलण्याचा आकडा) आणि कमाल वेगाचं अक्षर. बाहेरचा व्यास मूळ मापाच्या एक-दीड टक्क्यात राहिला म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएस कुरकुरत नाहीत. बदल्यात वळणावर शिरताना गाडी किंचित उशिरा प्रतिसाद देईल. आपल्या रस्त्यांवर हा सौदा स्वस्त आहे. जाता जाता दिसायला म्हणून टायर रुंद करण्याचा मोह टाळा. रुंद टायर ट्रकच्या चाकोऱ्या पकडतो आणि स्टिअरिंग खेचतो.

दोष रन-फ्लॅटचा असेल तर रिम बदलायची गरज नाही. त्याच रिमवर त्याच मापाचा साधा टायर बसतो. दोन पुढे साधे आणि मागे रन-फ्लॅट असली भेसळ नको, चारही एकदम बदला. पंक्चर झाल्यावर मिळणारे ते ८० किलोमीटर आता नाहीत, म्हणून डिकीत सीलंट आणि कॉम्प्रेसर हवा. साइडवॉल फाटली तर सीलंटचा उपयोग नाही, टोइंगच बोलवावं लागेल. उलटा प्रकार जास्त धोक्याचा: ज्या गाडीत हवेचा दाब सांगणारे सेन्सर नाहीत तिच्यावर रन-फ्लॅट चढवू नयेत. हवा गेली तरी टायर बसलेला दिसत नाही, आणि चालक त्याच वेगात पुढे जात राहतो.

रन-फ्लॅट काढताना टणक साइडवॉलला मदतीचा हात असलेलं मशिनच लागतं. रस्त्याकडेच्या दुकानात पहारीने काढायला गेलात तर टायरची कडा, रिम किंवा सेन्सर यांतलं एक तरी जातं. हवा नसताना चाललेला टायर उघडल्यावर आत काळी रबराची पूड दिसली, तर पॅच मारून पुन्हा वापरू नका.

टायर बुटकाही आहे आणि रन-फ्लॅटही, अशा गाडीत आधी रन-फ्लॅट काढावेत. रिमचा खर्च वाचतो, आणि बहुतेकांना तेवढ्यावर पुरतं; लहान रिमचा विचार त्यानंतर.

माप योग्य, टायर साधा, हवा बरोबर, आणि तरी गाडी दगडासारखी चालत असेल, तर साइडवॉलवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे पाहा, ती टायर बनल्याची तारीख. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. स्पोर्ट्स कार गॅरेजमध्ये जास्त उभ्या राहतात. नक्षी नवीकोरी दिसते, आणि रबर मात्र कधीच वाळून कडक झालेलं असतं.