पार्श्वभूमी : बोर्डीच्या वस्तीतून आलेली अंगणवाडी

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या) बोर्डी गावी आल्या, तेव्हा बालशिक्षणाच्या कामाचा मोठा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी माँटेसरी पद्धत, म्हणजे साधनं हाताळत मुलाला आपल्या गतीने शिकू देणारी पद्धत, आपल्याकडे रुजवली होती. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला होता. पण तोवरच्या बालमंदिरांत, म्हणजे लहान मुलांच्या शाळांत, येणारी मुलं बहुतेक शहरातली, शिकल्यासवरल्या घरांतली. खेड्यातल्या गरिबाच्या मुलासाठी त्यांनी बोर्डीत बालवाडी काढली. शिक्षिका अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या.

वस्तीवरची मुलं मात्र बालवाडीत येईनात. आईबाप कामाला जात, लहानग्याला सांभाळायला मोठी बहीण घरी राही. मग शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलांना जमवायचं, हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. अंगणात भरणारी ही वाडी म्हणजेच अंगणवाडी. विकतची साधनं परवडत नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांवरच मोजणं आणि रंग-आकार ओळखणं चाले. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की सगळं आयाबायांच्या डोळ्यांदेखत घडत होतं. मूल खेळता खेळता शिकतं, हे त्यांना भाषणातून पटवावं लागलं नाही.

पुढे १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होत्या. काखेत भावंड घेऊन आलेली पोर त्याला पाळणाघरात ठेवून वर्गात बसू शके. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिची केंद्रं म्हणजे आजच्या अंगणवाड्या. देशात त्या सुमारे १४ लाख आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शालापूर्व शिक्षण आणि आयांचं पोषण-आरोग्य शिक्षण, सगळं तिथेच. कुपोषण पाहता आहाराला अग्रक्रम मिळाला, तो रास्तच होता. पण आहारवाटप, वजनं, रजिस्टरं आणि मोबाइलवरच्या नोंदी यांत सेविकेचा दिवस सरतो, आणि आईशी निवांत बोलणं राहून जातं.

केंद्र सरकारच्या अलीकडच्या ‘नवचेतना’ आराखड्यात तीन वर्षांखालच्या मुलांशी घरीच बोलण्या-खेळण्यावर भर आहे. सेविकेने घरोघरी जाऊन ते पालकांना दाखवायचं आहे. त्यासाठी तिच्यावरचं कागदी काम आधी कमी करावं लागेल, आणि मानधनाऐवजी वेतन देण्याचा प्रश्नही सोडवावा लागेल.