फुंकर मारल्याने गेमची कॅसेट चालते का?

“कॅसेट लागत नसेल तर आत जोरात फुंकर मारा, धूळ उडते आणि गेम सुरू होतो.” टीव्ही गेमच्या काळापासूनचा हा सल्ला अजूनही फॉरवर्ड होतो. फुंकरीनंतर गेम बऱ्याचदा लागतो, म्हणून समज पक्का झाला तर नवल नाही.

पण फुंकायला कॅसेट आधी काढावी लागते, मग परत बसवावी लागते. खरं काम तिथं होतं. टीव्ही गेमच्या कॅसेटला दोन्ही बाजूंना धातूच्या ३०-३० पट्ट्या असतात. खाचेतल्या पिना त्यांवर घासल्या की वरचा काळपट थर खरवडला जातो. एखादी पट्टी नीट टेकली नाही तरी पडद्यावर नुसता चौकोनांचा चिवडा!

खात्री करायची तर स्विच बंद करून कॅसेट दहा वेळा न फुंकता काढून-घाला, दहा वेळा फुंकून. कितीदा लागली त्याच्या रेघा कागदावर मारा.

फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा जातो. साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटला आधीच दमट हवा लागलेली, त्यात ही भर. काही महिन्यांत तांब्यावर हिरवट डाग धरू शकतात.

त्यापेक्षा ९० टक्क्यांवरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (पटकन उडून जाणारं स्पिरिट) कापसाच्या इअरबडला लावून पट्ट्या उभ्या दिशेनं पुसा. बोळा काळा येईल. स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. दहा मिनिटं वाळू द्या, मगच लावा. पॉलिश पेपर मात्र नको, सोन्याचा मुलामा असेल तर तोच निघून जातो.