पाण्याच्या हालचालीवरून मेंदूचा नकाशा

मेंदूतल्या जोडण्यांची लाल-हिरवी-निळी चित्रं आपण पाहिलेली असतात. ती इतकी देखणी असतात, की तंतूंचा फोटोच काढलाय असं वाटावं. खरं तर एमआरआयला एकही तंतू सुटा दिसत नाही. चेतातंतूची जाडी असते एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, आणि चित्राचा सर्वांत लहान ठोकळा असतो एक ते दोन मिलिमीटरचा. एवढ्या जागेत लाखो तंतू मावतात.

यंत्र मोजतं ती पाण्याची हालचाल. मेंदूतले पाण्याचे रेणू क्षणभरही स्थिर नसतात. मोजणी चालू असते त्या सेकंदाच्या विसाव्या भागात ते साधारण दहा मायक्रॉन सरकतात. तंतूंच्या जुडग्यात त्यांना लांबीच्या दिशेनं वाट मोकळी असते. आडवं जायचं तर तंतूंची पटलं आणि त्यांच्यावरचं मायलिनचं वेष्टण अडवतं. ज्या दिशेनं पाणी जास्त सरकतं, त्या दिशेच्या मोजणीत सिग्नल जास्त घटतो. अशा अनेक दिशांनी मोजून प्रत्येक ठोकळ्यातली मुख्य दिशा काढायची रीत पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये मांडली. लाल म्हणजे डावी-उजवी दिशा, हिरवा म्हणजे पुढे-मागे, निळा म्हणजे वर-खाली. मग संगणक एका ठोकळ्यातून पुढच्या ठोकळ्यात जात रेघ ओढत नेतो. याला ट्रॅक्टोग्राफी म्हणतात.

अडचण येते ती चौकात. मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या, म्हणजे जिथून हे तंतू जातात तिथल्या, बहुतेक ठोकळ्यांत एकाहून अधिक दिशांचे तंतू असतात. ते एकमेकांना छेदून सरळ गेले, की जवळ येऊन आपापल्या बाजूला वळले, हे पाण्याच्या हालचालीवरून नेहमी सांगता येत नाही. शिवाय संदेश कुठून कुठे जातो, हेही कळत नाही; पाणी दोन्हीकडे सारखंच सरकतं.

2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 20 गटांना संगणकानं बनवलेलं मेंदूचं चित्र दिलं होतं. त्यात 25 जुडगी होती आणि खरं उत्तर आयोजकांना आधीच माहीत होतं. खरी जुडगी बहुतेक पद्धतींना बऱ्याच अंशी सापडली. पण त्यांच्याहून जास्त जुडगी अस्तित्वातच नसलेली निघाली. या क्षेत्रातलं हे मला सर्वांत मोलाचं काम वाटतं, कारण हे नकाशे शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचलेत. मेंदूतली गाठ काढताना बोलण्याशी संबंधित तंतू कुठून जातात याचा अंदाज सर्जन त्यावरून बांधतात. म्हणूनच अनेकदा रुग्णाला जागं ठेवून, बोलतं करून, विजेच्या हलक्या स्पर्शानं ती जागा प्रत्यक्ष तपासली जाते. कवटी उघडल्यावर मेंदू थोडा सरकतो, तेव्हा आधी काढलेला नकाशा जसाच्या तसा जुळतही नाही.

नकाशावर गणित चालवायचं काम फ्रान्समधल्या मार्सेलमध्ये संशोधक व्हिक्टर यिर्सा यांचा गट करतो. अपस्माराच्या रुग्णाच्या स्वतःच्या जोडण्या घ्यायच्या, मेंदूच्या प्रत्येक भागाला समीकरणं द्यायची आणि फिट कुठे सुरू होऊन कुठवर पसरते ते संगणकात पाहायचं. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत मेंदूचा नेमका कोणता भाग काढावा, हे ठरवायला त्याची मदत व्हावी हा हेतू. नकाशात एखादी जोडणी खोटी असेल, तर फिटचा मार्गही चुकीचा निघेल. त्यामुळे रुग्णाच्या मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडांनी टिपलेल्या खऱ्या फिटशी मॉडेल जुळवून पाहिलं जातं.