आठवडाभर मागे राहिलेली फुफ्फुसं

बाळ जन्मलं की पहिला प्रश्न ठरलेला: मुलगा की मुलगी? पूर्ण दिवसांच्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरांना या उत्तराचं फारसं काही नसतं. पण बाळ 28व्या किंवा 30व्या आठवड्यातच आलं असेल तर एनआयसीयूतली (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली) माणसंही तोच प्रश्न विचारतात आणि ‘मुलगी’ ऐकलं की त्यांना थोडं हायसं वाटतं. आठवडे तेवढेच, वजन तेवढंच, तरी श्वासाचा त्रास मुलग्यांना जास्त होतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं.

हा त्रास ओळखायला यंत्र लागत नाही. नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतो आणि श्वास सोडताना बाळ बारीक कण्हतं. ते कण्हणं वेदनेचं नसतं. श्वास पूर्ण बाहेर जाऊ दिला तर फुफ्फुसं मिटतील, म्हणून बाळ घसा आवळून थोडी हवा आत अडवून ठेवत असतं.

फुफ्फुसं मिटतात, कारण ती आतून ओली असतात. दोन ओल्या काचा एकमेकींना कशा चिकटतात ते आठवा. फुफ्फुसांतल्या इवल्या वायुकोशांत पाण्याची तीच ओढ काम करते. तिला लगाम घालतो सर्फॅक्टंट हा साबणासारखा स्निग्ध पदार्थ. तो बनवणाऱ्या पेशी 24व्या आठवड्याच्या आसपास कामाला लागतात, पण पुरेसा साठा व्हायला साधारण 35वा आठवडा उजाडतो. आणि मुलींमध्ये हे काम सरासरी आठवडाभर आधी उरकतं.

हा साठा डोळ्यांना दिसू शकतो. पूर्वी गर्भजलाचा थोडा नमुना परीक्षानळीत घ्यायचे, त्यात अल्कोहोल मिसळून खळखळून हलवायचे आणि नळी पंधरा मिनिटं उभी ठेवायचे. काठाला बुडबुड्यांचं कडं टिकलं तर फुफ्फुसं तयार. फेस विरला तर अजून वेळ आहे. इतकी साधी आणि इतकी चतुर चाचणी वैद्यकात क्वचितच सापडते.

मुलगे मागे का राहतात? मुलग्याच्या गर्भात वृषणं तिसऱ्या महिन्यातच टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात. इकडे फुफ्फुसांत दोन शेजारी पेशींचं एक संभाषण चालू असतं: कॉर्टिसॉल हे संप्रेरक वायुकोशांभोवतीच्या तंतुपेशींना जागं करतं आणि त्या सर्फॅक्टंटच्या पेशींना ‘चला, सुरू करा’ असा निरोप धाडतात. टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं हा निरोप लांबवतात. सशांवरच्या प्रयोगांत गाभण मादीला असं संप्रेरक दिलं, तर मादी गर्भांतलं सर्फॅक्टंट घटून नर गर्भांच्या पातळीवर आलं. उलट या संप्रेरकांना रोखणारं औषध दिलं, तर नर-मादी फरकच मिटला. म्हणजे ज्या रसायनाने गर्भाचा मुलगा होतो, तेच त्याच्या फुफ्फुसांना थांबवून ठेवतं. पूर्ण दिवस पोटात राहिला तर या विलंबाने काहीच बिघडत नाही. वेळेआधी आला, तरच तो महागात पडतो.

याहून चक्रावणारी गोष्ट जुळ्यांची. इस्रायलमधल्या अतिशय कमी वजनाच्या जुळ्यांच्या एका अभ्यासात, ज्या मुलींचा जोडीदार भाऊ होता, त्यांचा श्वासाचा त्रास मुलग्यांच्या जवळपास जाणारा निघाला. भावाचं संप्रेरक बहिणीपर्यंत पोचत असावं, असा अंदाज आहे. मला तो पटतो, पण तो अजून अंदाजच आहे.

ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या थोडं वर, म्हणजे आजच्या हिशेबाने घाबरण्यासारखं मुळीच नाही. श्वासाच्या याच त्रासाने तो 39 तासांतच गेला. सर्फॅक्टंटच्या कमतरतेमुळे हा आजार होतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 मध्येच दाखवलं होतं. हाताशी उपाय तेवढा नव्हता. तो पुढे तीन वाटांनी आला. 1971 मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी बाळाच्या त्या कण्हण्याचीच नक्कल केली: हवेचा सततचा हलका दाब, म्हणजे सीपॅप. 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी प्रसूतीआधी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन फुफ्फुसं लवकर पिकवली. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गायीच्या फुफ्फुसांपासून बनवलेलं सर्फॅक्टंट थेट बाळांच्या श्वासनळीत सोडलं. मुलगे-मुली दोघांचेही जीव वाचू लागले. दोघांमधलं अंतर मात्र पुरतं बुजलं नाही.

कारण सगळा दोष सर्फॅक्टंटचा नाहीच. मुलग्यांची फुफ्फुसं आकाराने मोठी, पण त्या मानाने श्वासनलिका अरुंद. मुलींची फुफ्फुसं लहान, पण वाटा ऐसपैस. ऑक्सिजनचा मारा सोसण्यातही फरक दिसतो: नवजात उंदरांना जादा ऑक्सिजनमध्ये ठेवलं तर नरांच्या फुफ्फुसांची जास्त हानी होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पुढे जडणारा फुफ्फुसांचा चिवट आजार, बीपीडी, मुलग्यांमध्येच जास्त आढळतो.

अर्थात हा सगळा सरासरीचा हिशेब. 30व्या आठवड्यातला एखादा मुलगा दोन दिवसांत सीपॅपवरून सुटतो आणि शेजारच्या पेटीतली मुलगी महिनाभर अडकून पडते, असंही होतंच. शिवाय हे पारडं जन्मभर एकाच बाजूला झुकलेलं राहत नाही. लहानपणी दमा मुलग्यांमध्ये जास्त. वयात येण्याच्या काळात चित्र उलटतं आणि मोठेपणी तो बायकांमध्ये जास्त दिसतो.