डिग्री अप्रेंटिसशिप म्हणजे सँडविच डिग्री नव्हे

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतो. यंदा नाशिकहून भाच्याचा आला. "मावशी, इंग्लंडमध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंटची अशी डिग्री आहे म्हणे, कंपनी फी भरते आणि वर पगारही देते. एजंट म्हणतोय, तुझं करून देतो." मी त्याला एजंटने दिलेलं माहितीपत्रक पाठवायला सांगितलं. ते सँडविच डिग्रीचं होतं. एजंटने तोंडी वर्णन केलं होतं ते मात्र डिग्री अप्रेंटिसशिपचं.

मी इथे मिडलँड्समध्ये बांधकाम प्रकल्पांच्या नियोजनाचं काम करते. आमच्या टीममध्ये दोन्ही वाटांनी आलेली मुलं बसतात, शेजारी शेजारी, सारखेच लॅपटॉप घेऊन. बघणाऱ्याला फरक कळत नाही. दोन्हींना साधारण चार वर्षं लागतात, शेवटी विद्यापीठाची बीएससी मिळते आणि मधे खऱ्या कामाचा अनुभव असतो. तरीही दोन्हींचा पायाच वेगळा आहे. सँडविचवाला मुलगा विद्यापीठाचा विद्यार्थी असतो आणि मधलं साधारण एक वर्ष कंपनीत येतो. अप्रेंटिस पहिल्या दिवसापासून कंपनीचा कर्मचारी असतो आणि कामाच्या वेळेत विद्यापीठात जातो. फी, व्हिसा, अर्ज, नोकरी गेली तर काय होणार, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

आपल्याकडे "अप्रेंटिस" म्हटलं की आयटीआय करून कारखान्यात किंवा रेल्वेत लागलेला शिकाऊ उमेदवार डोळ्यासमोर येतो. त्याला पगार नव्हे, विद्यावेतन मिळतं. भारताच्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या १८ व्या कलमात तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे असं स्पष्ट म्हटलंय. इंग्लंडमध्ये नेमकं उलटं आहे. इथला अप्रेंटिस कायद्यानेच नोकरदार असतो. त्याला करार, भरपगारी रजा आणि किमान वेतन मिळतं. एप्रिल २०२५ मध्ये अप्रेंटिसचा किमान दर ताशी ७.५५ पौंड झाला. पहिलं वर्ष संपलं आणि वय १९ किंवा जास्त असलं की वयाप्रमाणेचा नेहमीचा किमान दर लागू होतो. मोठ्या कंपन्या सहसा याहून बरंच जास्त देतात. आता भारतातही यूजीसीच्या धोरणानुसार पदवीत अप्रेंटिसशिप जोडायला सुरुवात झाली आहे, पण तिथे ती ठरावीक सत्रांपुरती असते. म्हणजे नाव अप्रेंटिसशिपचं असलं तरी रचनेने ती इथल्या सँडविचच्याच जवळची.

पैसा कुठून येतो, तेही पाहू. इंग्लंडमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप २०१५ मध्ये सुरू झाल्या, पण त्यांना खरी गती मिळाली २०१७ च्या एप्रिलपासून. ज्या कंपन्यांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे, त्यांच्यावर तेव्हा पगारखर्चाच्या ०.५ टक्क्याची अप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे प्रशिक्षणासाठीचा कर, लागू झाली. हा पैसा प्रशिक्षणावरच खर्चता येतो आणि मुदतीत वापरला नाही तर हातचा जातो. त्यामुळे कंपन्या स्वतःहून विद्यापीठांकडे गेल्या. अप्रेंटिसने फीचा एक पैसाही भरायचा नसतो, आणि म्हणूनच त्याला स्टुडंट लोनही मिळत नाही. सँडविचमध्ये मात्र फी विद्यार्थ्याची. स्थानिक विद्यार्थ्यांसाठी २०२५-२६ मध्ये ती वर्षाला कमाल ९,५३५ पौंड होती, आणि कंपनीतल्या वर्षासाठी त्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत. बहुतेक जण कर्ज घेतात. ऑगस्ट २०२३ पासून पदवीला लागलेल्यांचं कर्ज उत्पन्नातून ४० वर्षांपर्यंत वळतं होत राहतं. बाहेरदेशच्या विद्यार्थ्यांची फी तर याच्या कितीतरी वर.

आता खुद्द प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे येते, कारण या विषयात हा फरक मला सगळ्यात जास्त जाणवतो.

आमच्याकडची एक अप्रेंटिस दुसऱ्या वर्षात होती. एका पुलाच्या गर्डरसाठी क्रेन ठरली होती आणि वेळापत्रकात "क्रेन लिफ्ट" अशी एक ओळ दिसत होती. ती विद्यापीठातून क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्यातलं एक काम लांबलं की अख्खा प्रकल्प लांबतो ती कामांची साखळी, शिकून आली होती. तिने विचारलं, "या दिवशी रस्ता बंद ठेवायची परवानगी कुणी मागितली आहे?" रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या जोखमींच्या यादीत, ती जोखीम नोंदलेली होती, पण जबाबदार व्यक्तीचा रकाना रिकामा. ती तिघांकडे जाऊन आली आणि तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवलं. मग तिने वेळापत्रकात अर्ज करण्याची वेगळी ओळ घातली, परवानगीला लागणारे आठवडे मोजले, आणि क्रेनची तारीख पुढे सरकली. साइट मॅनेजर चिडला. पण अर्ज त्याच दुपारी गेला.

खरं शिक्षण त्यानंतर झालं. त्याच प्रकल्पावर तिने पहिल्या वर्षी काढलेला खर्चाचा अंदाज तिसऱ्या वर्षी तिच्याच समोर आला. अंदाज कमी पडला होता, आणि का कमी पडला हे तिलाच शोधून लिहावं लागलं. आपण मांडलेला आकडा दोन वर्षांनी आपल्याकडेच परत येतो, तेव्हा तो विषय हाडात मुरतो. आमच्याकडे जुलैत येऊन पुढच्या जूनमध्ये जाणारा सँडविचचा विद्यार्थी पाया पाहतो किंवा छप्पर, दोन्ही क्वचितच. त्यातल्या एकाने फार सुरेख अहवाल लिहिला होता, पण त्याचे अंदाज खरे ठरले की नाही हे त्याला कधीच कळलं नाही. त्यात त्याचा काही दोष नव्हता.

म्हणूनच लांबलचक प्रकल्पांच्या भागात ही पद्धत चांगली रुजली आहे. वायव्य इंग्लंडमधल्या सेलाफील्डच्या अणुप्रकल्प-स्थळाची साफसफाई शंभराहून जास्त वर्षं चालणार आहे. त्याच भागातल्या कंब्रिया विद्यापीठाने सेलाफील्डसाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं शिक्षण उभं केलं. एवढं लांब चालणारं काम असेल तर माणसं बाहेरून भाड्याने आणून भागत नाही, ती घरचीच तयार करावी लागतात.

सँडविचच्या बाजूनेही बोललं पाहिजे. अठराव्या वर्षी एका कंपनीशी आणि एका व्यवसायाशी चार वर्षं बांधून घेणं सगळ्यांना मानवत नाही. सँडविचवाल्याला कंपनीतल्या वर्षात कळलं की आपल्याला फायनान्समध्ये जास्त रस आहे, तर तो शेवटच्या वर्षी वाट वाकवू शकतो. विद्यापीठाचं मोकळं आयुष्यही त्याला मिळतं. अप्रेंटिसचं तसं नसतं. सोमवारी प्रगतीची बैठक, गुरुवारी असाइनमेंट, आणि अभ्यासाच्या प्रत्येक तासाची नोंद ठेवायची. दमणूक मी जवळून पाहते. कपातीत नोकरी गेली तर धक्का मोठा बसतो. अप्रेंटिसशिप तीन चतुर्थांश पूर्ण झाली असेल किंवा शेवटचे सहा महिने उरले असतील तर सरकारी निधीतून ती पूर्ण करता येते. नाहीतर नवी कंपनी शोधायला सुमारे १२ आठवडे मिळतात. सँडविचवाल्याला मुळात कंपनी मिळालीच नाही, तर तो बहुधा तीन वर्षांच्या साध्या पदवीवर जातो. वर्ष वाया जात नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. नाशिकहून स्टुडंट व्हिसावर येऊन डिग्री अप्रेंटिसशिप करता येत नाही. त्यासाठीचा निधी शिक्षणासाठी आलेल्या माणसाला लागू नाही, आणि पूर्णवेळ नोकरीची मुभा त्या व्हिसावर नसते. सँडविच डिग्री करता येते. अट एवढीच, की कंपनीतला काळ अभ्यासक्रमाचा मूल्यमापन होणारा भाग असला पाहिजे आणि एकूण अभ्यासक्रमाच्या निम्म्याहून जास्त नसला पाहिजे. एजंट "पगारी डिग्री" म्हणत असेल तर सरळ विचारायचं, नोकरीचा करार कुणाच्या सहीचा?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र मी मुद्दाम सांगते. आई किंवा बाबा स्किल्ड वर्कर व्हिसावर असले तर मुलांना स्टुडंट लोन सहसा मिळत नाही, आणि घरात "आता परदेशी फी भरावी लागणार" अशी चिंता सुरू होते. अप्रेंटिसशिपचा नियम वेगळा आहे. शिक्षणासाठी नव्हे अशा परवानगीवर सलग तीन वर्षं इथे राहिलेल्या, काम करण्याचा हक्क असलेल्या मुलाला निधी मिळू शकतो. परवानगीची मुदत अभ्यासक्रमाला पुरली पाहिजे. अर्ज करण्याआधी त्या वर्षाचे निधीचे नियम वाचून घ्या. ही दारं उघडी असूनही माहीत नसल्यामुळे कुणी ठोठावत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अर्जातही दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पदवीची अप्रेंटिसशिप लेव्हल ६ ची असते. असोसिएट प्रोजेक्ट मॅनेजरची लेव्हल ४ ची वेगळी, चांगली आहे पण तिच्यातून पदवी मिळत नाही. आणि यूकासच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक अर्जाच्या, पाच पर्यायांमध्ये अप्रेंटिसशिप येत नाही. अर्ज थेट कंपनीकडे करायचा, नोकरीसारखा, मुलाखतीसकट. जाहिराती बारावीच्या वर्षाच्या शरद ऋतूपासूनच यायला लागतात आणि जागा भरल्या की मुदतीआधीही बंद होतात. यूकासचा अर्ज भरतानाच समांतर हेही सुरू करावं लागतं.

भाच्याला मी सँडविचच्या तीन अभ्यासक्रमांची नावं पाठवली. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहिला: गेल्या वर्षी किती मुलांना कंपनी मिळाली, आणि ती शोधून देण्यात विद्यापीठाने काय केलं? तो आता तिन्ही ठिकाणी ईमेल लिहितोय.