काउंटरपासून खाटेपर्यंतची पावले

मागच्या पावसाळ्यात वडिलांना इंदूरच्या एका खाजगी रुग्णालयात अकरा दिवस ठेवावे लागले, तेव्हा रात्री त्यांच्या सोबतीला मी राहत असे. त्यांची खोली मजल्याच्या टोकाला होती आणि नर्सिंग स्टेशन, ज्याला तिथे सगळे नुसते ‘काउंटर’ म्हणतात, ते लिफ्टसमोर होते. मधला व्हरांडा काटकोनात वळत असल्यामुळे रुग्णाने बेल दाबली की खोलीच्या दारावर लागणारा लाल दिवा काउंटरवरून दिसत नसे. काउंटरवरच्या फलकावर खोलीचा क्रमांक उमटे, पण तिथे कोणी बसलेले असेल तरच तो वाचला जाई. एका रात्री मी पावले मोजली, ती ५२ भरली. सिस्टरना यायला उशीर झाला की आपण नातेवाईक त्यांच्या स्वभावाला बोल लावतो. त्या अकरा रात्रींनंतर मला ते अन्यायाचे वाटते, कारण कोणाला काय दिसते आणि काय ऐकू येते, हे बरेचसे इमारतीच्या नकाशातच ठरून गेलेले असते.

माझी आत्या इथल्याच एका सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिचा वॉर्ड म्हणजे एक लांबलचक दालन, दोन्ही भिंतींना खाटांच्या रांगा आणि मध्ये सिस्टरचे टेबल. या रचनेचा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली रुग्णालयांवरील आपल्या टिपणांत धरला होता. मोकळी हवा आणि उजेड हा त्यांचा मुख्य हेतू असला, तरी एका परिचारिकेच्या नजरेत सारे रुग्ण राहावेत, हेही त्यांना हवे होते. आत्या सांगते की पलीकडच्या खाटेवरच्या खोकल्याचा सूर बदलला, तरी मान वर होत असे. अशा वॉर्डात खाजगीपणा नव्हता आणि संसर्गाची भीती मोठी होती, म्हणून स्वतंत्र खोल्या आल्या. ते योग्यच झाले. मात्र भिंतींबरोबर नजर आणि कानही अडले.

त्याची भरपाई पायांना करावी लागते. अमेरिकेतील ३६ रुग्णालयांत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत परिचारिका दिवसपाळीच्या दहा तासांत साधारण दीड ते आठ किलोमीटर चालतात, असे आढळले. ही चाल वाचवण्यासाठी एका मोठ्या काउंटरऐवजी दर दोन-चार खोल्यांमागे एक लहान टेबल आणि संगणक ठेवण्याची पद्धत रुजली. रुग्ण जवळ आला, पण सहकारी दूर गेली. व्यवस्थापनाचे अमेरिकी अभ्यासक थॉमस ॲलन यांनी संशोधन-संस्थांतील अभियंत्यांचा अभ्यास करून १९७७ मध्ये दाखवले होते की दोघांच्या जागांमधील अंतर वाढते, तसे त्यांच्यातले बोलणे झपाट्याने घटते आणि तीसेक मीटरच्या पुढे ते फारच थोडे उरते. अशा विखुरलेल्या मांडणीत काम करणाऱ्या परिचारिकाही एकटेपणाची आणि सल्लामसलत कमी झाल्याची तक्रार करतात. नवख्या मुलीने सहज विचारावे, ‘ये डोज ठीक है ना, दीदी?’ आणि शेजारच्या अनुभवी सिस्टरने फाइलमधून मान वर न काढता तिला थांबवावे, हे एकाच काउंटरवर आपोआप घडते. असे कानावर पडणारे ज्ञान कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते, आणि माझ्या मते नकाशा काढताना सर्वांत आधी विसर पडतो तो त्याचाच.

संगणकाने नोंदी वाचण्याजोग्या केल्या, हा त्याचा मोठाच उपकार आहे. पण त्याच अमेरिकी पाहणीत परिचारिकांच्या कामाच्या वेळेपैकी सुमारे ३५ टक्के वेळ नोंदींत आणि जेमतेम १९ टक्के वेळ प्रत्यक्ष शुश्रूषेत जात होता. शिवाय पडद्यावर लिहिलेले कोणी वाचले की नाही, हे लिहिणारीला कळत नाही. समोरासमोर सांगताना मात्र ऐकणारीची चर्या दिसते आणि उलट प्रश्नही येतो.

उघड्या काउंटरचा दोष असा की तिथे कोणीही येऊन कोणालाही थांबवू शकतो. एका संध्याकाळी सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशी इंजेक्शन भरत असताना, मी पाहत होतो तेवढ्यात, फोन वाजला, एका नातेवाइकाने बिलाचे विचारले आणि वॉर्डबॉयने रिपोर्ट पुढे केला. प्रत्येक वेळी त्यांनी कुपीवरचे नाव पुन्हा पहिल्यापासून वाचले. त्यांची ती सवय मोलाची होती. सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचे औषध देणे टिपून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक वेळा मध्येच व्यत्यय आला होता, आणि व्यत्यय वाढत गेले तशा चुकाही वाढल्या होत्या. म्हणून औषधे तयार करण्याची जागा वर्दळीपासून बाजूला, पण काचेआड असावी, म्हणजे सिस्टर दिसतील आणि कोणी हटकणार नाही.

सर्वांत नाजूक वेळ पाळी बदलण्याची. आमच्या मजल्यावर सकाळी आठच्या सुमारास काउंटरवर गर्दीतच हँडओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवणे, चाले. शेवटच्या तीन दिवसांत मात्र दोन्ही सिस्टर फाइल घेऊन खाटेपाशी येऊ लागल्या. पहिल्याच सकाळी, ‘सलाइन दाहिने हाथ में है,’ असे सांगितले जात असताना वडिलांनी डोळे उघडून चादरीखालचा डावा हात वर केला. ‘दाहिना तो कल रात सूज गया था, सिस्टर. इधर लगाया है.’ नव्या सिस्टरने दोन्ही हात पाहिले, सुजेवर बोट दाबले आणि तिथेच उभ्या उभ्या नोंद दुरुस्त केली.