जांभळ्या ठिपक्याची मोजणी

पॅप चाचणीची, म्हणजे गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशींची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की निळसर-हिरव्या, गुलाबी, पसरट पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या मधोमध एक जांभळा ठिपका. हे पेशीचं केंद्रक. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पहिली चाहूल इथेच लागते. निरोगी केंद्रक लहान, कडेने गुळगुळीत. पेशी बिघडू लागली की ते फुगतं, गडद होतं, कड वेडीवाकडी होते. सौम्य बिघाडातही त्याचं क्षेत्रफळ मधल्या थरातल्या निरोगी पेशीच्या केंद्रकाच्या तिपटीहून जास्त भरतं.

पण काचपट्टीवर पेशी हजारो असतात आणि बिघडलेल्या कधीकधी मोजून दहा-वीस. त्या शोधता शोधता डोळे थकतात. अमेरिकेत तर एका तंत्रज्ञाने दिवसाला 100 पेक्षा जास्त काचपट्ट्या तपासू नयेत असा नियमच आहे.

मग हे काम यंत्रानेच का करू नये? 1950 च्या दशकात अमेरिकेत 'सायटोअॅनालायझर' बनला. तो केंद्रकाचा आकार आणि गडदपणा मोजायचा, पण फसला. एकमेकींवर चढलेल्या पेशी, पांढऱ्या पेशींचे पुंजके, साधा कचरासुद्धा त्याला संशयास्पद केंद्रक वाटायचा. एक केंद्रक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे आपला डोळा सहज ओळखतो. यंत्राचं घोडं तिथेच अडलं.

निम्मा तोडगा निघाला तो नमुना घेण्याच्या पद्धतीत. ब्रशवरच्या पेशी थेट काचेवर न फासता बाटलीतल्या द्रवात खळबळून घ्यायच्या, रक्त आणि चिकट स्राव गाळायचा आणि पेशींचा पातळ थर काचेवर उतरवायचा. केंद्रकाला रंगही असा द्यायचा, की जितका डीएनए जास्त तितका ठिपका गडद. 2003 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली थिनप्रेप इमेजिंग प्रणाली अशी काचपट्टी चाळून 22 जागा निवडते. तंत्रज्ञ त्या पाहतो आणि एकीतही शंका आली तर अख्खी काचपट्टी तपासतो. जागा यंत्राने शोधायच्या आणि रोगनिदान माणसानेच करायचं, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे मात्र बहुतेक बायकांची काचपट्टी कधी बनतच नाही. हा रोग व्हायला अनेक वर्षं लागतात, म्हणजे तो वेळीच पकडायला वाव असतो, तरी 2022 च्या अंदाजानुसार भारतात त्याने सुमारे 80,000 स्त्रिया दगावल्या. धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये आले: आयुष्यात एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, एकदाच पॅप झालेल्या गटात तशी ठळक घट दिसली नाही.

म्हणून आता विषाणूची चाचणी आधी. पण बहुतेकींचा संसर्ग आपोआप जातो. मग धोका नक्की कुणाला? इथे केंद्रक पुन्हा कामाला येतं. पेशींना दोन प्रथिनांसाठी दोन रंग देतात: एक तपकिरी, दुसरा केंद्रकात उमटणारा लाल. दोन्ही रंग एकाच पेशीत उमटणं हे बिघाडाचं लक्षण. अशा पेशी संगणकाने हुडकण्याचं काम सुरू आहे. त्या सापडल्या की त्या बाईला कॉल्पोस्कोपीसाठी, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून तपासायला बोलावतात.